घंटेच्या दोराची गाठ

माझ्या लग्नाच्या बाबतीत आईने एकच प्रश्न विचारला होता. मुलगा ख्रिस्ती आहे, नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातला आहे, दिल्लीत माझ्या शेजारच्याच मंत्रालयात नोकरीला आहे, हे सगळं मी एका दमात सांगून टाकलं आणि आता जुंपणार म्हणून पदर खोचून बसले. आई बराच वेळ गवार मोडत राहिली. मग म्हणाली, "गुढी उभारू देतील ना गं?"

बस्स. जात नाही, धर्म नाही, पगार नाही. गुढी! मला हसूही आलं आणि रागही आला. राग तर माझ्या नाकावर तेव्हाही होता. म्हटलं, "देतील म्हणजे काय? माझ्या घरात मी काय कुणाची परवानगी मागत बसणार आहे?" आईने माझ्याकडे नुसतं पाहिलं. पोरीला अजून जग कळायचं आहे, असं तिच्या डोळ्यांत होतं. ते बरोबरच होतं, पण ते कळायला मला म्हातारं व्हावं लागलं.

त्याची-माझी ओळख कोपर्निकस मार्गावरच्या महाराष्ट्र सरकारच्या गेस्ट हाऊसच्या कॅन्टीनमधली. दुपारच्या सुट्टीत थालीपीठ मिळायचं म्हणून आम्ही मराठी कारकून मंडळी तिथे जायचो. हा उंच, काटकुळा, दुसऱ्याच्या ताटातलं लोणचं न विचारता घेणारा. मी त्याला एकदा चांगलंच झापलं. तो म्हणाला, "बाईसाहेब, आमच्यात प्रभुभोजन वाटून खातात." मी म्हटलं, "मग तुमच्या ताटातली जिलबी वाटा." त्याने दिली. पुढचं सांगायची गरज नाही.

आमच्या लग्नाची नोटीस कायद्याप्रमाणे महिनाभर कचेरीच्या फळ्यावर लटकत होती. कुणाला हरकत असेल तर त्याने घ्यावी म्हणून. कुणी घेतली नाही. दिल्लीत कुणाला तेवढी फुरसत नव्हती.

लग्नानंतरच्या पहिल्या पाडव्याला आई मुद्दाम दिल्लीला आली. देवदर्शनाला म्हणाली, पण आली होती परीक्षा घ्यायला. सकाळी उठून बघते तर काय, जावई कॉलनीच्या फाटकातून सायकलवर लांबलचक वेळूची काठी आडवी धरून येतोय आणि मागून चौकीदार ओरडतोय. काठी त्यानेच धुतली. आईने आपली हिरवी नारायणपेठी नेसवली, कडुलिंबाचा डहाळा लावला, साखरेची माळ घातली, वर तांब्या पालथा घातला. दिल्लीत एक बरं, कडुलिंबाला तोटा नाही. मग प्रश्न आला काठी गॅलरीच्या कठड्याला बांधायची. मी सुतळी घेऊन पुढे झाले, तर तो म्हणाला, "तू सर. हे माझं काम."

त्याने जाड सुती दोर घेतला आणि कठड्याच्या वरच्या गजाला एक आणि खालच्या गजाला एक असे दोन फास केले. त्यांतून काठी सरकवली आणि दोर ओढला. काठी अशी बसली की हलायचं नाव नाही. आई वाकून वाकून बघत होती. "ही कसली हो गाठ?"

"घंटेच्या दोराची, आई. माझे वडील गावच्या चर्चची घंटा वाजवायचे. वाजवून झाली की दोर खुंटीला असा बांधायचे. ओढला तर आवळतो. काठी काढली तरी फास तसाच राहतो."

"सुटत नाही ना?"

"मी सोडेपर्यंत नाही."

आईने गाठ एकदा ओढून पाहिली आणि ती आत गेली. पण दुपारी श्रीखंड वाढताना जावयाच्या वाटीत माझ्या दुप्पट पडलं, तेव्हा निकाल लागला हे मला कळलं. त्यात आणखी एक भानगड होती. पाडवा बहुतेक वेळा ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत यायचा, आणि त्या दिवसांत तो गोड सोडायचा. आईचं मन मोडवेना. त्याने वाटी उचलली आणि म्हणाला, "येशूने सासूबाईंच्या हातचं श्रीखंड खाल्लेलं नाही. नाहीतर आजच्यापुरती सूट दिलीच असती." आई एवढी हसली की तिला ठसका लागला. त्या वर्षी नाताळात तिने गावाहून पोस्टाने आकाशकंदील पाठवला. चांदणीचा. "तुमच्यातही तारा लावतात ना, म्हणून," असं वर लिहिलेलं.

तेव्हापासून आमच्या घरी वाटणी ठरून गेली. तारा मी लावायचा, गुढी त्याने बांधायची. तो दर वर्षी म्हणायचा, "अगं, ही गाठ शिकून घे एकदा." मी श्रीखंड घोटता घोटता म्हणायची, "तू आहेस ना!"

आमची कॉलनी सरकारी होती. कुणाला कुठला क्वार्टर मिळेल ते यादीतल्या नंबरावर. शेजारी निवडायची सोयच नव्हती. आता मला वाटतं, तेच बरं होतं. निवडायला दिलं असतं तर आम्ही सगळ्यांनी आपापल्यासारखेच शेजारी निवडले असते आणि कायमचे अडाणी राहिलो असतो. समोर तेलुगू, वर काश्मिरी पंडित, खाली सिंधी. पाडव्याच्या सुमाराला या सगळ्यांचंच नवं वर्ष. सकाळपासून जिन्यात ताटल्यांची ये-जा. समोरून कैरी, गूळ आणि कडुलिंबाच्या फुलांची पच्चडी यायची, वरून हळदीचा पिवळा भात, खालून सिंध्यांचा गोड भात, आणि आमच्याकडून श्रीखंड जायचं. कुणाची ताटली कुणाकडे राहिली हे दिवाळीपर्यंत निस्तरत बसायचं. सिंधीण तर आमचा तांब्या पालथा बघून दर वर्षी म्हणायची, "अरे, पानी गिर गया!" आणि दर वर्षी स्वतःच हसायची.

आणि मी काम कसलं करायचे, तर ज्या सेक्शनमधून राज्याराज्यांच्या सांस्कृतिक कार्यक्रमांच्या फायली हलायच्या, तिथे सेक्शन ऑफिसर. ‘विविधतेत एकता’ हे शब्द मी इतक्या वेळा लिहिले की झोपेतही शुद्धलेखन चुकलं नसतं. प्रत्येक राज्याला एक नाच, एक पोशाख, एक पदार्थ. आम्ही कागदावर देश असा वाटून द्यायचो आणि वर मंजुरी घ्यायचो. जिन्यातला ताटल्यांचा कारभार मात्र कुठल्याच फायलीत नव्हता. तो आपला आपण चालायचा. अच्छा, तेव्हा मला त्याचं काही विशेष वाटायचं असंही नाही. उलट ताटल्या घासून घासून कंटाळा यायचा. आज कुणी एक उष्टी ताटली दारात आणून ठेवली तर मी ती डोक्यावर घेऊन नाचेन.

मग कॉलनी पाडायची ठरली. जुन्या घरांच्या जागी टॉवर येणार होते. आम्ही दोघं तोवर निवृत्त झालोच होतो, मुलगी लग्न होऊन बंगळुरूला गेलेली. नोएडा एक्स्टेंशनला चौदाव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. सामान ट्रकमध्ये चढवताना ड्रायव्हर म्हणाला, "ये डंडा छोड़ दो साहब, वहाँ क्या करोगे?" नवऱ्याने काठी स्वतःच्या हातात धरली आणि मेट्रोने घेऊन आला. मेट्रोत शिपायाने अडवलं, तर त्याला आख्खी गुढी समजावून सांगितली. शेवटी मागची रांग वैतागली म्हणून सोडलं असणार.

नव्या घरातल्या पहिल्या पाडव्याला त्याने बाल्कनीच्या कठड्याला तसेच दोन फास बांधले. सोसायटी तेव्हा नवी होती, कमिटी झाली नव्हती, विचारणारं कुणी नव्हतं. संध्याकाळी गुढी उतरवली, काठी कपाटामागे ठेवली, पण फास त्याने कठड्यावरच राहू दिले. "असू दे. पुढच्या वर्षी पुन्हा कुठे वाकत बसू? पाठ धरते आताशा."

पुढचं वर्ष त्याच्या नशिबात नव्हतं. त्या थंडीत न्यूमोनियाचं निमित्त झालं आणि आठवडाभरात तो गेला. त्याला त्याच्या रीतीने पुरलं. मी मातीची मूठ टाकली आणि घरी येऊन माझ्या रीतीने आंघोळ केली. कुणीच काही म्हटलं नाही. आमच्या घरी ते नेहमीचंच होतं.

वर्षभर सण करायचा नसतो, म्हणून मधला पाडवा कोरडा गेला. फास कठड्यावर होते. उन्हापावसाने दोर राखाडी पडला. कामवालीने एकदा कात्री आणली, "दीदी, ये गंदा लगता है." मी अशी काही ओरडले की तिने चार दिवस बाल्कनीच झाडली नाही. रोज सकाळी चहा घेऊन मी तिथे उभी राहायची आणि एक बोट त्या गाठीवर ठेवायची. वेडेपणा म्हणा हवं तर. त्याने घातलेला शर्ट धुतला की संपतो, उशीचा वास उडून जातो. ही एक गोष्ट अशी होती की ती त्याच्या हाताने जशी बसवली तशीच बसलेली होती. मला त्या माणसाची इतकी आठवण येते की कधी कधी नुसता राग येतो त्याचा.

यंदा मी ठरवलं, गुढी उभारायची. आदल्या आठवड्यात मेट्रोने करोल बागेत गेले. तिथे सोनं गाळणारे सांगलीकडचे गलाईवाले आहेत. त्यांच्यातल्या एकाच्या घरी गावाहून साखरेच्या माळा येतात. तिथल्या वहिनींनी एक माळ दिली आणि चहाही पाजला. पाडव्याला पहाटे उठले, आईची नारायणपेठी काढली, काठी सजवली आणि त्या दोन फासांतून सरकवली. जराशी कुरकुरली आणि बसली. हलेना! मी तिथेच खाली बसले आणि पोटभर रडले. मग तोंड धुतलं, पूजा केली, कडुलिंब-गूळ खाल्ला. वाटलं, झालं. बांधली रे तू यंदाही.

नऊ वाजता इंटरकॉम वाजला. खालून गार्ड. "मैडम, आपकी बालकनी में साड़ी सूख रही है. डंडे पर. और... ऊपर लोटा भी है."

"वह सूख नहीं रही. गुढी है."

"जी. तो वो कब तक सूखेगी?"

मी फोन ठेवला. सोसायटीत नियम झालाय की समोरच्या बाल्कनीच्या कठड्यावर काहीही टांगायचं, बांधायचं किंवा वाळत घालायचं नाही. थोड्या वेळाने तो स्वतःच वर आला. चाळिशीचा, बिहारकडचा, पायातले बूट दाराबाहेर काढून आत येणारा सभ्य माणूस. हात जोडून म्हणाला, "माताजी, सुपरवाइज़र मेरी जान खा रहा है." त्याचा काही दोष नव्हता. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली ती गेलीच. "तुम यहीं बैठो," म्हटलं, "मैं सेक्रेटरी से बात करके आती हूँ. हाथ मत लगाना." आणि दार तसंच उघडं टाकून लिफ्टने खाली ऑफिसात.

सेक्रेटरी हा सॉफ्टवेअरवाला, माझ्या मुलीच्या वयाचा. दोन महिन्यांपूर्वी यानेच मला बोलावलं होतं. सोसायटीत राज्याराज्यांचा मेळा होता, तर "आंटी, महाराष्ट्र आप संभालिए. वड़ापाव और लावणी." मी लावणी! गुडघ्याला पट्टा बांधून! तेव्हाही मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण मुलगा खरंच वाईट नाही. मला बघून उठून उभा राहिला, खुर्ची दिली.

"आंटी जी, रूल सबके लिए सेम है. किसी धर्म-वर्म की बात नहीं. बिल्डिंग का एलिवेशन ख़राब होता है."

"दिवाळीत अख्खी बिल्डिंग दिव्यांच्या माळा लावते, त्याचं काय?" हे मी हिंदीत विचारलं.

"वो लाइटिंग है."

"नाताळचा तारा?"

"वो अलाउड डेकोरेशन की लिस्ट में है."

"आणि हे?"

तो जरा चाचरला. "ये... आंटी, सच बोलूँ? ये दिखती साड़ी है."

खरं सांगते, मला हसू फुटणार होतं. खोटं नव्हतं ना तो बोलत. पण मी जन्मभर नियमांच्या फायलींत बसलेली बाई. तिथेच फोन काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं. गुढी म्हणजे काय, ती सूर्यास्ताला उतरवतात, आणि एकच नियम सगळ्यांना लावला की सगळ्यांना सारखा न्याय मिळतो असं नाही. ज्यांचा सण यादीत नाही त्यांनाच तो लागतो. ऑफिसातल्या नोटिंगसारखं, मुद्देसूद. वाटलं, आता कुणी अंगठ्याचं चित्रसुद्धा टाकणार नाही.

पहिलं उत्तर आलं ते माझ्या समोरच्याच दारातल्या बाईचं. आज आमचीही उगादी आहे, म्हणून. आम्ही इतके दिवस दाराला दार लावून राहतोय आणि मला ती तेलुगू आहे हेही माहीत नव्हतं! मग सातव्या मजल्यावरचे काश्मिरी आजोबा, आज आमचं नवरेह. मग एक सिंधी, आमचा चेटीचंड उद्या आहे, पण आंटींना माझा पाठिंबा. मग एकाने विचारलं की श्रीखंड मिळेल का. घरोघरी नवं वर्ष होतं आणि सगळे आपापलं दार लावून ते साजरं करत होते. सेक्रेटरी फोनमध्ये बघत राहिला, कमिटीतल्या दोघांशी बोलला आणि म्हणाला, "आंटी, परमिशन. आज सनसेट तक. और अगले साल से लिस्ट में." बारासुद्धा वाजले नव्हते. नोकरीत एवढी झटपट मंजुरी मी कधी पाहिली नव्हती. मला वाटलं, आत्ता तो असता तर म्हणाला असता, "बाईसाहेब, जिंकलात की!"

लिफ्टने वर निघालो. मी, सेक्रेटरी, आणि समोरची तेलुगू बाई पच्चडीची वाटी घेऊन. माझे पाय जमिनीवर नव्हते.

गार्ड दिवाणखान्यात चटईशेजारी उभा होता. चटईवर नारायणपेठी, चौपदरी घडी घातलेली, जरीचा काठ आत दुमडून. त्यावर साखरेची माळ. शेजारी तांब्या, पुसलेला. काठी भिंतीला टेकवलेली. माझा चेहरा बघून तो घाबरला. "सुपरवाइज़र फिर चिल्लाया, माताजी. मैंने सब सँभालके उतारा. गाँठ बहुत टाइट थी, बड़ी मुश्किल से खुली. रस्सी भी लपेट दी है." आणि त्याने दोराचं नीट गुंडाळलेलं भेंडोळं माझ्या हातात ठेवलं.

त्याला काय बोलणार? त्याने सगळं किती जपून केलं होतं.

"अरे, कोई बात नहीं, फिर बाँध देंगे," सेक्रेटरी म्हणाला. तो धावत खाली जाऊन प्लॅस्टिकच्या पट्ट्या घेऊन आला, त्या वायरी बांधायच्या असतात तसल्या. दोन मिनिटांत काठी कठड्याला करकचून आवळली. गुढी इतकी सरळ कधीच उभी नव्हती, नवऱ्याची नेहमी जराशी बाहेर झुकायची. तेलुगू बाईने फोटो काढला. सगळे खुश होते. मी हसले, श्रीखंड वाढलं, गार्डलाही वाटी दिली. त्याने दोनदा मागून घेतलं.

सूर्य कलल्यावर मी एकटीच बाल्कनीत गेले. गुळाचा नैवेद्य दाखवला, कात्रीने पट्ट्या कापल्या, गुढी उतरवली. मग दोर उलगडून मांडीवर घेतला. वरून सगळा राखाडी, पण गाठीच्या आत जो भाग दडलेला होता तो अजून पांढराशुभ्र. वळणं सगळी तशीच होती. मी म्हटलं, दोराला आठवत असेल. वळणांवर वळण ठेवत गेले. फास व्हायचा आणि ओढला की सुटून यायचा. पुन्हा केला, पुन्हा सुटला. मुलीला फोन केला. ती म्हणाली, "आई, यूट्यूबवर असेल ना यार." यूट्यूबवर जगभरच्या गाठी आहेत. त्याच्या चुलतभावाला गावी फोन लावला, तर तो म्हणाला, "वहिनी, घंटा आता बटणावर वाजती. दोर कुठला राहिलाय?"

अंधार पडेपर्यंत मी बांधत होते. समोरच्या दाराची कडी वाजली, तेलुगू बाई माझी वाटी परत द्यायला आली होती. वाटीत तिने चिंचेचा भात घातलेला होता. पूर्वीसारखंच. मी वाटी घेतली, तिला आत बोलावलं आणि मग माझा बांधच फुटला. ती बिचारी मराठीतलं अक्षर न कळता पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि मी आपली तिला मराठीतच सांगत होते. तिला कुठलं, आईलाच सांगत होते. उभारू दिली गं, आई. सगळ्यांनी उभारू दिली, पुढच्या वर्षीचीसुद्धा परवानगी दिलीय. पण तो "मी सोडेपर्यंत नाही" म्हणाला होता ना तुला, ती गाठ आज सुटली, आणि मला ती बांधता येत नाही गं.